सुगडातली अंडी

मंगळवारी सकाळी माझा मुलगा आणि सून एकाच टॅक्सीत बसून विमानतळावर गेले, आणि घरात उरलो मी, काचेची एक टाकी आणि फ्रिजवर चिकटवलेला कागद. कागदावर एकोणीस सूचना होत्या. तीन माझ्या गोळ्यांच्या आणि सोळा माशांच्या. आमच्या घरात कुणाचा नंबर कुठे लागतो, ते यावरून समजावं.

मी रंगराव. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालव्यावर काढली. किती वाजता किती पाणी सोडलं, पातळी कुठे होती, ते गेज वाचून वहीत लिहायचं हे माझं काम. मुलाचं नाव सलिल ठेवलं तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, घरीसुद्धा पाणीच का? आता शहात्तरावं चालू आहे. धायरीत जिथे आमचा हरभरा यायचा तिथे आता सात मजली इमारती आहेत. त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो.

माझ्याबद्दल घरात एक गोष्ट पक्की झालेली आहे, ती म्हणजे आण्णा विसरतात. जानेवारीत मी दूध गॅसवर ठेवलं आणि पेपर वाचत बसलो. दूध उतू जाऊन बर्नर विझला, गॅस चालूच राहिला. कामाला येणाऱ्या मुक्ताईला वास आला म्हणून बरं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. एकदा झालं तर चूक आणि दोनदा झालं तर आजार, असं सलिलचं गणित. त्याने ओट्याखालचा गॅसचा कॉक बंद केला आणि मला सांगितलं की याला हात लावायचा नाही. मग त्याने स्कूटरची किल्लीही काढून घेतली. चार महिने मी थर्मासमधला चहा पितो आहे. थर्मासमधल्या चहाला चहा म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

एवढ्यावर भागलं नाही. एप्रिलमध्ये सलिलने एका संस्थेचा माणूस घरी आणला. दिवसभर माझ्याजवळ राहायला. तो गृहस्थ माझ्यासमोर बसला आणि सलिलला विचारू लागला, हे बाहेर निघून जातात का, यांना बाथरूम कळते का. मी तिथे होतो. मला ऐकू येतं. त्या दिवशी मला जी भीती वाटली ती माझी बायको गेली तेव्हाही वाटली नव्हती. हा माणूस एकदा घरात आला की मी माणूस राहणार नाही, सांभाळायची वस्तू होईन, हे मला लख्ख दिसलं.

आडवी आली ती चैताली, माझी सून. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात, तशी तीही म्हणते, एवढाच काय तो आमच्यातला जिव्हाळा, असं मी समजत होतो. ती सॉफ्टवेअरवाली, मी कालव्यावरचा. पण ती सलिलला म्हणाली, मे महिन्यात आपण दोघं चार दिवस बाहेरच आहोत, तू चेन्नईला आणि मी हैदराबादला ट्रेनिंगला. ते चार दिवस मामांना मासे सांभाळू दे. जमलं तर माणूस नको. नाही जमलं तर शनिवारी मी स्वतः संस्थेला फोन करते.

शहात्तराव्या वर्षी परीक्षा. आणि विषय मासे. पण मी मुकाट्याने हो म्हणालो.

आता हे मासे कसले, ते सांगतो. कॅटफिश. आमच्या ओढ्यात पूर्वी मिशीवाले मासे मिळायचे, त्यांचं कालवण व्हायचं. हे तसले नव्हेत. हे वीतभरसुद्धा नाहीत, तोंड खाली, दिवसभर काचेला चिकटून शेवाळ खरवडत बसतात. नराच्या नाकावर काट्यांचं झुडूप असतं, मादीचं नाक साफ. आमच्या टाकीतला नर सगळ्या जगाकडे संशयाने बघतो, म्हणून मी त्याला मुकादम म्हणतो. चैतालीने ही जोडी तीन वर्षांपूर्वी आणली. त्यांनी अंडी घालावीत म्हणून तिने काय नाही केलं? काकडी, उकडलेला पालक, रोज नवं पाणी, लपायला प्लास्टिकचे पाइप. मुकादम ढिम्म. शेवटी यंदाच्या संक्रांतीचं एक सुगड तिने टाकीत आडवं ठेवलं आणि साहेब त्यात राहायला गेले. मागच्या शनिवारी मादी आत जाऊन आली, आणि रविवारी सकाळी सुगडाच्या तळाशी शेंदरी अंड्यांचा घोस दिसला. साबुदाण्याएवढी एकेक. चैताली हॉलमध्ये उभी राहून चक्क रडली.

या जातीत अंडी बाप सांभाळतो. आई घालते आणि निघून जाते. बाप सुगडाच्या तोंडाशी बसून दिवसरात्र परांनी आत पाणी ढकलत राहतो. खात नाही, बाहेर येत नाही. पाच-सहा दिवसांत पिल्लं फुटतात, म्हणजे गुरुवारी नाहीतर शुक्रवारी. नेमकी तेव्हा ती हैदराबादला. जाताना तिने बूट घालता घालता मला सांगितलं की मुकादम बाहेर आला तर लगेच फोन करा, मीटिंगमध्ये असले तरी.

मंगळवार, बुधवार मी डोळ्यांत तेल घालून काढले. कपाटातून जुनी वही काढली आणि रकाने आखले. वेळ, पातळी, तापमान, मुकादम, शेरा. "१०.०५, काकडीची चकती एक." "१२.००, मुकादम आत, पर हलतात." माझी भीती वेगळीच होती. बुधवारी दुपारी जेवून उठलो आणि काकडी दिली की नाही तेच आठवेना. वही उघडली, तिथे माझ्याच अक्षरात १०.०५ लिहिलेलं. जीव भांड्यात पडला. तेव्हापासून मी काही केलं की आधी लिहीत होतो आणि मग हात पुसत होतो.

गुरुवारी पाणी बंद, असं बुधवारी जिन्यात पाटीवर लिहिलं होतं. ते मला नवं नव्हतं. घरात माझ्याकडे उरलेलं एकमेव खातं म्हणजे तांब्याचं पिंप. पंधरा लिटरचं, खाली तोटी असलेलं. ते घासायचं आणि भरायचं मी. आईने आम्हाला लहानपणापासून शिकवलं की रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी म्हणजे औषध. देवाला तेच, आजाऱ्याला तेच, पाहुण्याला तेच. मी आजवर दुसरं पाणी प्यायलो नाही, आणि या वयात मला ना चष्म्याचा नंबर वाढला ना पोटाची तक्रार. बुधवारी संध्याकाळी मी पिंप चिंच आणि मीठ लावून असं घासलं की त्यात तोंड दिसावं. मग काठोकाठ भरलं.

कागदावरची अकरावी सूचना गुरुवारची होती. टाकीतलं बारा लिटर पाणी नळीने काढा, बाल्कनीतल्या दोन बादल्यांमधलं बारा लिटर हळूहळू घाला. त्या बादल्या तिने सोमवारी भरून ठेवल्या होत्या, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून. पुढे कंसात लाल शाईने लिहिलं होतं, नळाचं थेट पाणी नाही, टँकरचं नाही, साबणाचा हात नाही.

गुरुवारी पावणेआठला मी नळी लावली. पाणी मोजून काढलं, झाडांना घातलं, वहीत लिहिलं. मग बाल्कनीत गेलो तर दोन्ही बादल्या पालथ्या.

मुक्ताई भांडी घासून नुकतीच लादी पुसत होती. तिला विचारलं तर म्हणाली की नळाला पाणी नाही, बादल्या भरलेल्या दिसल्या, तिला वाटलं गुरुवारसाठीच भरल्यात. तिचं काय चुकलं? पण मी तिला नको ते बोललो. बिचारी रडकुंडीला आली, ताईंना सांगू नका म्हणाली, आणि चहा करून थर्मास भरून निघून गेली.

इकडे टाकीची पातळी चार बोटं खाली, आणि फिल्टर हवा ओढून गुरगुरायला लागलेला. चौतीस वर्षं ज्याने गेज बघितलं त्याला पातळी खुणेखाली गेलेली बघवत नाही. काहीतरी करायलाच हवं होतं. चैतालीला फोन करावा असं वाटलं, हे कबूल करतो. पण सकाळी आठला फोन करून काय सांगू, की दोन बादल्या राखता आल्या नाहीत? सलिलच्या कानावर गेलं असतं. आणि तेवढ्यात माझी नजर पिंपाकडे गेली. रात्रभर ठेवलेलं पाणी. ना टँकरचं, ना थेट नळाचं, ना साबणाचा हात. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी. मला तर वाटलं, त्या पोरांना जन्मतःच औषध मिळेल.

दोन लिटरच्या मापाने सहा मापं घातली. हळूहळू, कागदावर लिहिल्याप्रमाणे. "८.१०, पिंपातलं पाणी, बारा लिटर. पातळी खुणेवर." फिल्टर गप्प झाला. मी समाधानाने थर्मास उघडला.

दहाच्या सुमाराला पहिली गोगलगाय काचेवरून खाली पडली. टाकीत चार गोगलगाई आहेत, त्या काचेवर फिरतात आणि कधीमधी पडतातही. मी लक्ष दिलं नाही. साडेदहाला चारही तळाशी होत्या, अंग आत ओढून. अकराला मादी वर आली. ती कधी वर येत नाही. पृष्ठभागाला तोंड लावून ती हवेसाठी धडपडायला लागली.

मी काय विसरलो? पहिला विचार हाच आला. कागद एक ते सोळा पुन्हा वाचला, वही पुन्हा वाचली. सगळं केलेलं होतं. वहीवर विश्वास ठेवावा तर टाकीत मासे मरत होते, आणि टाकीवर ठेवावा तर माझंच डोकं खोटं होतं. खुर्ची ओढून मी टाकीसमोर बसलो आणि हातातलं पेन नुसतं उघडत-मिटत राहिलो.

पावणेबाराला मुकादम बाहेर आला. बाहेर येता येता त्याने शेपटीने आतला सगळा घोस ढकलून दिला. शेंदरी अंडी वाळूवर येऊन पडली. तो त्यांच्याकडे न बघता फिल्टरजवळ जाऊन काचेला चिकटला, आणि त्याचे गाल धापा टाकल्यासारखे हलत होते.

कागदाच्या तळाशी मासेवाल्याचा नंबर होता. अनिरुद्ध नावाचा माणूस, सदाशिव पेठेत त्याचं छोटं दुकान आहे, चैताली त्याच्याकडूनच सगळं आणते. मी त्याला लावला. त्याने डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. औषध घातलंत का? नाही. स्प्रे मारला का, डासांची कॉइल? नाही. पाणी बदललंत का? बदललं. कुठलं पाणी? मी जरा ऐटीतच सांगितलं, तांब्याच्या पिंपातलं, रात्रभर ठेवलेलं, पिंपही कालच चिंचेने लख्ख घासलेलं.

"काका," तो म्हणाला, "गोगलगाई मारायचं जे औषध आम्ही विकतो ना, त्यात तांबंच असतं."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. माणसाला जे चालतं ते माशाला चालत नाही, त्यात या माशांना खवले नसतात, आणि आंबट लावून घासलेल्या भांड्यातून तांबं जास्तच सुटतं, असं काय काय तो सांगत होता. मी आईचं ऐकलं होतं. काहीच विसरलो नव्हतो. पासष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट धड लक्षात ठेवून मी बारा लिटर विष मोजून ओतलं होतं.

अर्धं पाणी ताबडतोब बदला, असं त्याने सांगितलं. पण घरात पाणी नव्हतं. टँकर खाली आला होता, त्यात खारं पाणी आणि वर ब्लीचिंग पावडर. मग तो म्हणाला, पिण्याचे जार मागवा. आमच्या कोपऱ्यावरच्या जारवाल्याने दोन जार वर आणून दिले, पण मे महिना, त्याच्याकडे फक्त थंड जार शिल्लक. हात लावला तर बर्फ. टाकीतलं पाणी सत्तावीस डिग्री. हे असंच ओतलं असतं तर उरलेले गारठून मेले असते.

गरम करायला हवं होतं. ओट्याखालचं कपाट तीन पावलांवर होतं, त्याला कुलूपही नव्हतं. कॉक फिरवायचा, पातेलं ठेवायचं, पाच मिनिटांचं काम. मी कपाट उघडलं. पिवळ्या कॉककडे बघत उभा राहिलो. आणि मला माझीच भीती वाटली. टाकीकडे धावत जाईन आणि गॅस तसाच राहील. मासे वाचवायला जाऊन इमारत पेटवून देईन. कपाट मिटलं. घरातल्या सगळ्या पराती, पातेली, पुरणाचं ताट, जे हाताला लागेल ते स्टीलचं बाल्कनीत मांडलं आणि त्यात जारचं पाणी ओतलं. डोक्यावर दुपारचं ऊन होतंच. मग थर्मामीटर घेऊन एका परातीतून दुसरीत, अठरा, एकोणीस, बावीस, असा फिरत राहिलो, आणि आत मादी पृष्ठभागावरून हळूहळू खाली यायला लागली. ते बघवत नव्हतं.

त्या तासाभरात मी चैतालीला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. खरं सांगतो, चांगली वाक्यं सुचत नव्हती. मुक्ताईने बादल्या वापरल्या, हे खरंच होतं. तिथेच थांबलं की पुढचं आपोआप तिच्यावर गेलं असतं. ती काही बोलली नसती, आणि बोलली असती तरी तिचं कुणी ऐकलं नसतं. दुसरं वाक्य होतं, विसरलो. ते तर सगळ्यात सोपं. त्यावर घरात सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला असता. आणि शनिवारी तो माणूस येऊन समोर बसला असता.

पाणी पंचवीसला आल्यावर नळी लावून टाकी अर्धी उपसली आणि परातीतलं भरलं. मग फोन लावला. ती बहुधा वर्गातून बाहेर आली, मागे दार लागल्याचा आवाज झाला.

"चैताली, मी चुकलो हाय," मी म्हणालो. "पिंपातलं तांब्याचं पाणी मीच वतलं. मुक्ताईचा यात काय संबंध नाय. मुकादम बाहेर आलाय, अंडी वाळूवर पडल्यात. मादी काय वाचत नाय."

तिने विचारलं की किती पाणी आणि किती वाजता. मी वही उघडून वाचायला सुरुवात केली. आठ दहाला बारा लिटर. दहाला एक गोगलगाय, साडेदहाला चारही. अकराला मादी वर. अकरा पंचेचाळीसला मुकादम बाहेर. बारा वीसला जार, तापमान सोळा. बारा तीसला पराती उन्हात. एक चाळीसला तीस लिटर बदललं, तापमान पंचवीस. आकडे सगळे नीट होते.

मग ती रडली. थोडंच. नाक ओढलं आणि म्हणाली, मामा, चहाची गाळणी घ्या.

पुढचा अर्धा तास तिने हैदराबादच्या कुठल्याशा जिन्यात बसून माझ्याकडून काम करून घेतलं. चमच्याने अंडी उचलून गाळणीत घ्यायची. गाळणी कपड्यांच्या चिमट्याने टाकीच्या काठाला अडकवायची, अंडी पाण्यात बुडतील अशी. खालून हवेची नळी सोडायची, म्हणजे बुडबुड्यांनी ती हलत राहतील. बाप परांनी जे करतो तेच. चमचा लागून दोन अंडी फुटली. त्रेचाळीस गाळणीत गेली. पांढरी पडतील ती टूथपिकने काढत राहा, नाहीतर बुरशी बाकीच्यांना लागेल, असं सांगून ती परत वर्गात गेली.

मादी चार वाजता गेली. मी वहीत लिहिलं आणि तिला श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवून डबा फ्रीजरमध्ये ठेवला. चैतालीला न दाखवता टाकून देणं मला पटेना.

शुक्रवारी सकाळी मुक्ताई आली तेव्हा मी तिची माफी मागितली. तिला ते आवडलं नाही, ती म्हणाली, आण्णा, आसलं काय बोलू नका, आणि उगाचच भांडी आपटत राहिली. शुक्रवारभर मी गाळणीसमोर होतो. अंडी एकेक करून पांढरी पडत होती आणि मी काढत होतो. दुपारपर्यंत पंधरा गेली, संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस. मुकादम सुगडात परत गेला होता. रिकाम्या सुगडाच्या तोंडाशी बसून तो पर हलवत होता, आत काही नव्हतं तरी. ते बघून मला फार वाईट वाटलं. मी त्याला मोठ्याने सांगितलं की बाबा, तुझं काम इकडे मी करतोय, तू जेव. काकडी टाकली. त्याने बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी दोघं आले. सलिलला चैतालीने वाटेतच सांगितलं असावं, कारण त्याने बॅग ठेवली आणि माझ्या पायांना हात लावला तेव्हाच त्याचा चेहरा ठरलेला होता. चैताली बूटसुद्धा न काढता टाकीकडे गेली. गाळणीत वाकून बघत राहिली. मग तिने मला बोलावलं. जाळीला काहीतरी चिकटलं होतं, शेंदरी पोट आणि त्याला एक केसासारखी शेपटी, आणि ती शेपटी हलत होती. असे अकरा होते. मघाशी सहाला मी बघितलं तेव्हा एकही नव्हता.

सलिल बाकावर बसला. तो वाईट मुलगा नाही. तो हळूच म्हणाला की आण्णा, तुम्हाला दोष देत नाही, पण म्हणूनच मी म्हणत होतो. आज पाणी होतं, उद्या आणखी काही असेल. सोमवारपासून माणूस येऊ दे.

मी मान हलवली. अट तशीच होती. हरलो होतो, एक मादी आणि चौतीस अंडी.

चैतालीने टेबलावरची वही उचलली आणि सलिलच्या मांडीवर उघडून ठेवली. तो वाचू लागला. गुरुवारच्या पानावर तो बराच वेळ होता. माझ्या अक्षरात तिथे एक ओळ होती, जी मी फोनवर वाचली नव्हती. "१२.२५, गॅसचं कपाट उघडलं. कॉकला हात लावला नाही. कपाट बंद."

"चूक केली त्यांनी," चैताली म्हणाली. "विसरले नाहीत."

सलिल म्हणाला की दोन्हींत फरक काय, मासा मेलाच ना.

ती फ्रिजकडे गेली, तिचा कागद काढला आणि त्याच्यासमोर धरला. अकरावी सूचना, कंसात लाल शाई. नळाचं नाही, टँकरचं नाही, साबण नाही.

"माशांना तांबं चालत नाही हे मला तीन वर्षं माहितीये," ती म्हणाली. "रोज त्याच पिंपातलं पाणी पिते मी. लिहायला विसरले ती मी. मग माझ्यासाठी पण माणूस ठेवशील?"

सलिलने वही मिटली नाही. तो पुन्हा मंगळवारपासून वाचायला लागला. संस्थेला फोन त्याने त्या दिवशी केला नाही आणि तिनेही केला नाही.

श्रीखंडाचा डबा आम्ही दोघांनी संध्याकाळी खालच्या बागेत पुरला. चैताली पुन्हा रडली. मी तिला सांगितलं की मला माफ कर. तिने नाही वगैरे काही म्हटलं नाही, नुसती माझ्या हाताला धरून जिना चढली. ते मला जास्त बरं वाटलं.

सोमवारी दोघं कामावर गेले. मी गोळ्या घ्यायला फ्रिजजवळ गेलो तर तिथे नवा कागद. माशांच्या सूचना आता सतरा होत्या, सतरावी पिंपाची. त्याखाली रेघ मारून माझ्याच वहीसारखे रकाने आखलेले होते. वर लिहिलं होतं, गॅस. कॉक उघडला, वेळ. कॉक बंद केला, वेळ. पुन्हा जाऊन बघितलं, वेळ. आणि शेवटी, बारीक अक्षरात, मामा, दुपारचा चहा तुमचा तुम्ही करून घ्या. ते अक्षर सलिलचं होतं. आणि सलिल मला आण्णा म्हणतो, मामा नाही. तिने सांगितलं असणार आणि त्याने जसंच्या तसं लिहून घेतलं असणार.

चार वाजता मी कपाट उघडलं. पिवळा कॉक फिरवला. पातेल्यासमोरून मी एक पाऊलही हललो नाही. चहा उकळला, बर्नर बंद, कॉक बंद, कपाट बंद. "४.०६ उघडला. ४.१३ बंद." मग टाकीपर्यंत गेलो आणि परत आलो. कॉक बंद होता. आणखी दोनदा गेलो, दोनदा आलो. बंदच होता. तिसऱ्या रकान्यात तीन वेळा लिहिल्या.

चहा गाळायला गाळणी शोधली, तेव्हा आठवलं की तिच्यात अकरा जण राहत आहेत. मग तसाच कपात ओतला, पूड खाली बसेपर्यंत थांबलो आणि टाकीसमोर खुर्ची ओढून प्यायलो. दातांत पूड येत होती. मुकादम सुगडातून बाहेर येऊन काकडी खात होता, आणि मी कप खाली ठेवून चौथ्यांदा कॉक बघून आलो.